शिक्केवाल्याचं दुकान

सोलापूर, ९ जून १९४२

चि. पंचू यास अक्काचा आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. चार वर्षं तुरुंगात काढलीस, सुटून अजून वर्ष झालं नाही, आणि बहिणीला पहिलं लांबलचक पत्र लिहितोस ते काय, तर "बारीक छिन्न्या सहा, पितळी पत्र्याचे तुकडे, काळ्या शाईच्या बाटल्या दोन, बोरू दोन डझन, जाड कोरे कागद." खाली ख्यालीखुशालीची एक ओळ, तीही कडेनं तिरकी, कागद संपला म्हणून.

अरे, मी तुझी मोठी बहीण आहे, आंधळी नाही. छिन्नी आणि पितळ म्हटलं की शिक्का झाला. बोरू आणि जाड कागद म्हटलं की परवाना झाला. मागं निजामसरकारचा खोटा शिक्का कोरून लोकांच्या ज्वारीच्या गाड्या नाक्यापार केल्यास, तेव्हा याहून वेगळं काय लागलं होतं?

इथं मी तुझ्यापायी काय सोसते ते ऐक. तू आत गेलास तेव्हा मी शेजारीपाजारी सांगितलं, भाऊ श्रीशैलला गेलाय, अनुष्ठानाला बसलाय. काय सांगणार होते दुसरं? आता सगळ्या पेठेत तू साधू झालायस. परवा मागच्या गल्लीतली म्हातारी तुझी विभूती मागायला आली. मी चुलीतली राख पुडीत बांधून दिली. तिचा गुडघा दुखायचा थांबला म्हणे! आता आणखी तिघी येऊन बसतात. त्यात आपल्या चन्नम्माचं लग्न ठरत आलंय. मुलाची आई दर खेपेला विचारते, "मुलीचे मामा श्रीशैलहून कधी उतरणार? अक्षता त्यांच्याच हातून पडायला हव्यात."

तेव्हा खरं काय ते लिही. तुझे दाजी तापट आहेत, त्यांना यादी दाखवलेली नाही. तूरडाळीच्या डब्यात ठेवलीय.

तुझी अक्का,
गौरा

उमरगा, २० जून १९४२

ती. अक्कास पंचूचे शरणु शरणार्थी.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की शेजारचा शिंपी बघायला आला. त्या म्हातारीला माझा निरोप सांग, दुसऱ्या गुडघ्यालाही लाव.

अक्का, शिक्का नाही, परवाना नाही. मी इथं बाजारात पिंपळाखाली गोणपाट टाकून बसतो आणि भांड्यांवर नावं घालतो. हात तोच, काम सरळ. लग्नसराईत तांब्या, घागर, परात, जे येईल ते.

आता यादी कशाला ते सांगतो. हैदराबादच्या सडकेवर खडी फोडायचं काम चाललंय. वडारांची मोठी टोळी उतरलीय. त्यातली एक पोरगी, इरम्मा नाव, असेल चौदा-पंधराची. पाण्याची घागर घेऊन येता-जाता माझ्यापुढं उभी राहायची. एके दिवशी फसकन हसली. म्हणाली, "आप्पा, हातुडी अशी धरत्यात व्हय? खडी फोडताव का मुंगी मारताव?" मी चिडलो. म्हटलं, "तू दाखव." तिनं घागर खाली ठेवली, छिन्नी घेतली आणि मी शाईनं आखून ठेवलेलं नाव टक टक टक कोरून दिलं. एक रेघ इकडची तिकडं नाही. मी थक्क झालो. विचारलं, "काय कोरलंस वाच." तर म्हणाली, "ते तुमाला ठावं. म्या फकस्त रेघ बघितली."

म्हणजे बघ, हातात एवढी कला, आणि आपण काय कोरलं ते तिला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून खडीची सुट्टी झाली की ती येऊन बसायला लागली. मग तिच्यामागं तिचे दोन भाऊ आले. मग शिवगंगा आली. ती कुंभाराची, तेराव्या वर्षीच कपाळ पांढरं झालेली, घरात कुणाला नको असलेली. आता सहा जण आहेत. अक्षर शिकवायचं, अक्षर आलं की कोरायला शिकवायचं. छिन्न्या त्यांच्यासाठी, शाईही त्यांच्यासाठी.

परवा एक गंमत झाली. एका मामानं भाचीला परात घेतली होती. वर घालायचं होतं, "मामाकडून भेट". इरम्माच्या भावाच्या हातून 'न' राहिला. परातीवर आलं, "मामा कडू भेट". मामा लालबुंद होऊन आला. भाचीकडची मंडळी मात्र म्हणाली, राहू द्या, बरोबरच आहे.

सामान मोटारवाल्याच्या हाती पाठव.

तुझा,
पंचू

सोलापूर, २ जुलै १९४२

चि. पंचू यास आशीर्वाद.

शाई पाठवली. बोरू पाठवले. कागद पाठवले. पत्रा पाठवला. छिन्न्या पाठवल्या नाहीत. का ते तुझं तू समज.

तुझी पोरगी हुशार असेल, पण एक गोष्ट मला काही केल्या पटत नाही. तू लहानपणी अव्वानं दिलेला गुळाचा खडाही कुणाला चाटू दिला नाहीस. स्वतःची बायको वारली तेव्हाही तिसऱ्या दिवशी कामाला बसलास. तुला एकाएकी दुसऱ्यांच्या लेकरांचा एवढा कळवळा कुठून आला? तुरुंगात कुणी गुरू भेटला म्हणशील तर मी विश्वास ठेवणार नाही. गुरू भेटला हे मी स्वतः चार वर्षं लोकांना सांगतेय, मला त्यातली गोम ठाऊक आहे.

सहा लेकरांना पुढं करून मागं जुनाच धंदा चालवणार असशील तर आत्ताच सांग. मग मी खरोखरच तुला श्रीशैलला गेलास असं समजेन, आणि परत येऊ नकोस म्हणेन.

गौरा

उमरगा, १४ जुलै १९४२

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जेलरलाही नाही.

मी पकडला कसा गेलो ते तुला अर्धंच ठाऊक आहे. नाक्यावरच्या खऱ्या शिक्क्यातला एक नुक्ता, उर्दू अक्षराचा ठिपका, झिजून गेला होता. मी कोरला तो पूर्ण कोरला, सगळे नुक्ते जागच्या जागी. माझा शिक्का खऱ्यापेक्षा खरा निघाला, म्हणून कारकुनाला शंका आली. हे मी आत सगळ्यांना हसवायला सांगायचो. पुढचं सांगायचो नाही.

तो कागद नाक्यावर मी दाखवला नव्हता. गाडीवानानं दाखवला. बिराप्पा नावाचं धनगराचं पोरगं, सतरा वर्षांचं. ज्वारीवाल्या व्यापाऱ्यानं त्याला बैलगाडी हाकायला घेतलं होतं. मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, "साहेब मागेल तेव्हा दे, आणि मी दिला म्हणून सांगू नको." त्यानं मान हलवली आणि शब्द पाळला. त्याला विचारलं, "कुणी दिला?" तो गप्प. मारलं, तरी गप्प. मी आठ दिवसांनी दुसऱ्याच वाटेनं सापडलो. व्यापारी सुटला. बिराप्पाला दीड वर्षाची शिक्षा झाली.

तुरुंगात एका दुपारी सुतळी वळायला तो माझ्या शेजारी आला. मला वाटलं गळा धरील. तो एवढंच म्हणाला, "आप्पा, त्या कागुदावर काय लिवलं व्हतं?"

अक्का, मी त्याला तोंडपाठ सांगितलं. ज्वारी वीस पोती, बैल दोन, गाडीवान बिराप्पा वल्द सोमण्णा. तो म्हणाला, "माजं नाव व्हतं व्हय त्यात?" आणि हसला. त्याचं नाव जन्मात पहिल्यांदा कुणी कागदावर लिहिलं होतं, ते मी, आणि तेही खोट्या कागदावर. त्याला वाचता आलं असतं, वर शिक्का सरकारचा आणि देणारा मात्र मी हे कळलं असतं, तर त्यानं तो कागद हातात तरी घेतला असता का? शहाणा होता तो. माझ्या तोंडावर फेकला असता.

मी त्याला मातीत काटकीनं नाव लिहायला शिकवलं. तीन अक्षरं, एक महिना लागला. सुटला त्या दिवशी त्याच्या घरचं कुणी न्यायला आलं नाही. तोवर मेंढरं विकली गेली होती, ठरलेली सोयरीकही मोडली होती. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. बाहेर आल्यावर मी त्याच्या वस्तीवर दोनदा जाऊन आलो. कुठं गेला कुणाला ठाऊक नाही.

एवढंच आहे. कळवळा म्हण, नाहीतर आणखी काही म्हण.

तुझा,
पंचू

सोलापूर, ३ ऑगस्ट १९४२

चि. पंचू यास आशीर्वाद.

सोबत छिन्न्या बारा. सहा मागितल्या होत्यास, पण सहा लेकरं आणि एक तू, आणि एखादी मोडायचीच. नाक्यावर विचारतील म्हणून शेंगाचटणीच्या डब्यात घातल्यात. आधी चटणी खा, मग छिन्न्या धू. आधी धुवायला जाशील, लेकरांच्या तोंडचा घास पाण्यात जाईल.

शिवगंगाला माझं एक जुनं इरकल लुगडं पाठवलंय. पांढरं नाही, हिरवं आहे. कुणी काही बोललं तर सोलापूरच्या बाईनं दिलंय म्हणावं, तिला येऊन विचारा.

गौरा

उमरगा, १७ जानेवारी १९४३

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

पाच महिन्यांत लिहिलं नाही. रागावू नको. आधी कामाची घाई होती, नंतर अंगाशी आलं.

एव्हाना आम्ही अकरा जण झालो होतो. पिंपळाखाली पाढे म्हटले की बाजार थांबून ऐकायचा. कुणीतरी कचेरीत कळवलं असावं. डिसेंबरात शिपाई कागद घेऊन आला. विनापरवाना शाळा चालवू नये, मंजुरी मिळेपर्यंत बंद ठेवावी. कायदाच आहे तसा, त्यांचं चुकलं नाही. पण मंजुरी मागायची कुणी? खोट्या शिक्क्यासाठी शिक्षा भोगलेल्या माणसानं? मी गोणपाट गुंडाळलं आणि पोरांना म्हटलं, घरी जा.

खरं सांगू, त्या कागदावरचा शिक्का मी खूप वेळ बघत बसलो. अर्ध्या दुपारचं काम होतं माझ्या हाताला. मग उठलो आणि तळ्यावर जाऊन तोंड धुतलं.

आठ दिवसांनी इरम्मा आली. पदराखालून एक काळा गुळगुळीत दगड काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "मास्तर, झालं काम. कागुद तेवढा तुमी लिवा."

दगडावर कचेरीचा शिक्का होता. अक्का, तिला उर्दूचा अलिफ येत नाही. माझ्याकडच्या कागदावर बघून बघून तिनं रेघ न् रेघ उचलली होती. आणि उलटी कोरली होती! शिक्का उलटा कोरावा लागतो, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो, हे मी त्यांना कधीच शिकवलं नव्हतं. तिचं तिला सुचलं. मला हे शिकायला तीन वर्षं लागली होती.

तुझ्यापाशी काय लपवू, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "वा!" आणि मग पायाखालची जमीन सरकली. मी त्या लेकरांना वाचायला शिकवायला बसलो होतो, आणि माझ्या हातून तयार काय झालं, तर दुसरा पंचू.

सगळ्यांना बोलावलं. बसवलं. मी कोण होतो ते सांगितलं. तोवर त्यांना माहीत नव्हतं. बिराप्पाचंही सांगितलं, काही न वगळता. मग इरम्माचा धाकटा भाऊ म्हणाला, "म्हंजी तुमी लई मोठे चोर व्हता, मास्तर?"

म्हटलं, "मोठा नव्हतो. मोठा तो व्यापारी, तो घरी होता."

शिवगंगा म्हणाली, "मग आता आमी यायचं का न्हाय?"

म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा."

इरम्मा मात्र दगड हातात घेऊन बसली होती. डोळ्यांत पाणी, आणि रागही. "आठ दिस गेलं माजं," म्हणाली. "बोटं बघा." बोटं सोलवटली होती. मी म्हटलं, "हा दगड कचेरीत सापडला तर मला नाही, तुला नेतील." ती उठली, समोरच्या मसाल्याच्या पाट्याकडं गेली आणि दगडावरचा शिक्का घासून काढायला लागली. बराच वेळ घासत होती. आम्ही सगळे तो आवाज ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. पहिल्याच ओळीत घातलं, मी अमुक गुन्ह्यात चार वर्षं शिक्षा भोगलेला माणूस. आणि स्वतः तहसीलदारांपुढं जाऊन उभा राहिलो. हैदराबादकडचे म्हातारे गृहस्थ आहेत, पान खातात. अर्ज दोनदा वाचला, माझ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मियाँ, तुम्हारा खत इतना खूबसूरत है, इसीलिए डर लगता है."

मग चष्मा काढून म्हणाले, "मदरसा बोलते तो मंजूरी लगती. बरसों लगते. दुकान बोलो ना! बर्तन पे नाम डालने का दुकान. दुकान में शागिर्द रखने को कौन मना करता? शागिर्द हिसाब सीखे, हरफ सीखे, तुम्हारी मर्जी."

मी त्यांच्या पायाच पडणार होतो. पण पुढं म्हणाले, "मगर अकेले तुम्हारे भरोसे नहीं. जिले में जमीनवाला कोई जामीन लाओ. तुमने कुछ किया तो उसकी जमीन जाएगी."

तेव्हापासून जामीन शोधतोय. चौघांना विचारलं. चौघांनाही नेमकं त्याच दिवशी बाहेरगावी काम निघालं. मिळेल कुणीतरी. तू काळजी करू नको. चन्नम्माचं लग्न नीट पार पाड. दाजींना नमस्कार.

तुझा,
पंचू

सोलापूर, २ फेब्रुवारी १९४३

चि. पंचू यास आशीर्वाद.

तुझ्याच जिल्ह्यातली जळकोटची अव्वाची जमीन माझ्या नावावर आहे, ती काय मी लोणच्यात घातलीय? चौघांना विचारलंस आणि मला विचारलं नाहीस. वर "काळजी करू नको" म्हणतोस. तू मागितलं नाहीस त्याचा मला जितका राग आला तितका तू तुरुंगात गेलास तेव्हाही आला नव्हता.

पण जामीन व्हायचं म्हणजे कचेरीत जाऊन सांगावं लागणार, हा माझा भाऊ, आणि हा कुठं होता. उमरग्यात सांगायचं आणि सोलापुरात लपवायचं, हे किती दिवस चालणार? म्हणून मी इथंच सुरुवात केली.

परवा मुलाकडची माणसं आली होती. उप्पीट झालं, चहा झाला. मुलाच्या आईनं नेहमीचं विचारलं, "मामा कधी उतरणार?" मी ताट खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. श्रीशैल नाही, तुरुंग. अनुष्ठान नाही, खोटे परवाने. आणि आता तो काय करतो तेही सांगितलं. तुझे दाजी माझ्याकडं असे बघत होते की मला वाटलं, चन्नम्माच्या आधी माझीच पाठवणी होते.

मुलाचे वडील छताकडं बघायला लागले. चन्नम्मा दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. मग मुलाची आई पदर सारखा करून हळूच म्हणाली, "आमचे धाकटे भाऊजी काशीला आहेत म्हणून मी सांगत असते ना?"

मी म्हटलं, "हो."

म्हणाली, "येरवड्याला आहेत."

पंचू, मग जे हसू फुटलं ते आवरेना. मुलाच्या वडिलांना ठसका लागला. लग्न चैत्रात आहे.

दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "जळकोटची जमीन तुझी आहे, माझी परवानगी कशाला?" मी विचारलीच नव्हती. पण मी मान हलवली. राहिली ती मागच्या गल्लीतली म्हातारी. तिलाही जाऊन खरं सांगितलं, ती चुलीतली राख होती म्हणून. ती म्हणाली, "असू दे गं. आणखी एक पुडी दे."

सोमवारच्या मोटारीनं मी उमरग्याला येतेय. मोटार थांबते तिथं उभा राहा. सहा वर्षांनी तोंड बघणार आहे तुझं, दाढी करून ये.

तुझी अक्का,
गौरा

उमरगा, २८ एप्रिल १९४३

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

चन्नम्माच्या लग्नाहून सुखरूप पोचलो. तिच्या सासूनं मला वाकून नमस्कार केला, तो साधू समजून की तुरुंगवाला समजून, मला अजून कळलेलं नाही.

दुकान बरं चाललंय, पिंपळामागच्या भाड्याच्या खोलीत. तू सही केलीस तेव्हापासून तहसीलदारसाहेब महिन्यातून एकदा डोकावतात. शिवगंगा आता नवीन पोरांना बाराखडी शिकवते, तुझं हिरवं इरकल नेसून. तिचा भाऊ एकदा न्यायला आला होता. ती म्हणाली, "काम हाय. सांजच्याला ये." सांजच्याला तो आला नाही आणि ती गेलीही नाही. खडीचं काम पुढं सरकलं तशी वडारांची टोळी हुमनाबादकडं गेली. इरम्माच्या बापाला म्हटलं, तिला ठेवून जा. तो म्हणाला, तिलाच विचारा. ती राहिली, शिवगंगाच्या सोबतीनं. आईला पत्र घालते. आईला वाचता येत नाही, टोळीत पत्र वाचायला तिचा धाकटा भाऊ आहे. तो म्हणे वाचायचे पैसे मागतो.

नवी गोष्ट सांगायची म्हणजे, आठ दिवसांपूर्वी तुरुंगातून एक चिठ्ठी आली. जेलरसाहेबांची. त्यांना मी दुकानाचं कळवलं होतं. "या मुलाला कुणी नाही. तुमच्याकडं पाठवत आहे. जमलं तर बघा." चिठ्ठी घेऊन आलेलं पोरगं अठरा-एकोणीसचं, शांतलिंग नाव. अंगात फाटका सदरा, डोळे सतत भिरभिरते.

मी विचारलं, "काय केलं होतंस?"

"कोंबड्या."

"किती?"

"सापडल्या त्या दोन."

मी बस म्हटलं. तो बसेना. दाराशी गेला, कडी आतून आहे की बाहेरून ते बघितलं, ओढून बघितली, परत सोडून बघितली. मग विचारलं, "कुलूप कुटं आसतं?" म्हटलं, "कुलूप नाही दुकानाला. घ्यायचंय, पण राहून जातं." त्याला खरं वाटलं नाही.

दुपारी सगळे जेवायला बसलो तर पठ्ठ्या दाराकडं तोंड करून बसला. ताटाकडं बघायचा नाही, दाराकडं बघत जेवायचा. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. पोरं हसायला लागली, मी डोळे वटारले. मी सुटून आलो तेव्हा दोन महिने असाच जेवत होतो, हे त्यांना काय ठाऊक. त्याला काही विचारलं नाही. छिन्नी दिली, पत्र्याचा तुकडा दिला. काम बरं करतो, बोलत नाही.

आज इरम्मानं पिठलं केलं होतं. सगळे बसले. शांतलिंग उशिरानं हात धुऊन आला, जागा बघितली आणि दाराकडं पाठ करून बसला. बाहेरून बैलगाडी खडखडत गेली, तरी मान वळवली नाही. जेवता जेवता ताट पुढं सरकवलं आणि म्हणाला, "मास्तर, आनिक एक भाकर."

मी वाढली.

तुझा,
पंचू